फँटसी खेळांची चित्रकार: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

फँटसी खेळांसाठी चित्रं काढणाऱ्या इलस्ट्रेटरच्या कामाविषयी प्रश्न पाठवा, असं संपादकांनी मागच्या अंकात कळवलं होतं. पत्त्यांचे खेळ, रोल-प्लेइंग खेळांची (ज्यात खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतात) रूलबुकं, बोर्ड गेम, अधूनमधून व्हिडिओ गेम अशा सगळ्यांसाठी मी बरीच वर्षं चित्रं काढतेय, म्हणून ही पत्रं माझ्याकडे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तर लांबलं आहे.

प्रश्न: मी दोन वर्षांपासून टॅब्लेटवर फँटसी पात्रं काढतोय. सोबत तीन चित्रं जोडली आहेत: तलवारबाज, जादूगारीण आणि एल्फ. मला गेमसाठी काम करायचंय, पण कॉन्सेप्ट आर्टिस्ट व्हायचं की इलस्ट्रेटर हेच कळत नाही. दोन्ही एकच का?

उत्तर: एक नाहीत. दोघं चित्रंच काढतात, पण कोणासाठी काढतात यावर काम ठरतं. कॉन्सेप्ट आर्टिस्टचं चित्र टीममधल्या लोकांसाठी असतं. थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्याला चिलखताचा पट्टा पाठीवर कुठे अडकवलाय हे दिसायला हवं, म्हणून तेच पात्र समोरून, बाजूने, मागून काढायचं, बुटाचं बक्कल वेगळं मोठं करून दाखवायचं, एकाच शिरस्त्राणाचे कितीतरी पर्याय द्यायचे. त्यातली बहुतेक चित्रं खेळाडूच्या नजरेला कधी पडत नाहीत. इलस्ट्रेटरचं चित्र थेट खेळाडूसमोर जातं. पत्त्यावर, रूलबुकाच्या पानावर, खोक्याच्या झाकणावर, गेम उघडताना दिसणाऱ्या स्प्लॅश आर्टमध्ये. पात्र कसं दिसतं हे अनेकदा आधीच ठरलेलं असतं. पत्त्यांच्या मोठ्या खेळांत चित्रकाराला स्टाइल गाइड मिळतं आणि त्यात त्या जगातली माणसं, कपडे, इमारती, झाडंझुडपं सगळं आखलेलं असतं. आपण त्या जगातला एक क्षण रंगवायचा.

आता तुमची चित्रं. जादूगारिणीचा चेहरा सुरेख उतरलाय, डोळ्यांखालचा थकवा खरा वाटतो. पण तिन्ही पात्रं कोऱ्या पार्श्वभूमीवर सरळ उभी आहेत. कुणाचं कुणाशी काही चाललेलं नाही. आणि जादूगारिणीचे दोन्ही पंजे झग्याच्या बाह्यांत गेलेत, तलवारबाजाचा डावा हात पाठीमागे आहे, एल्फने हाताची घडी घातलीय. आर्ट डायरेक्टरला, म्हणजे कंपनीतर्फे चित्रकार निवडून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्याला, हे पहिल्या नजरेत दिसतं आणि या चित्रकाराला हात जमत नाहीत असं तो धरून चालतो. नवीन पात्र काढू नका. हीच जादूगारीण घ्या, तिला पडक्या जिन्यावर बसवा, पायाशी जखमी सोबती ठेवा, त्याच्या खांद्यावरची पट्टी ती आवळतेय असं दाखवा. दोघांचे मिळून चार हात, दोन चेहरे, एक जागा, एक दिवा. एवढं पूर्ण केलंत की कोणतं काम तुम्हाला ओढतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. जिन्याची रचना आणि पट्टी बांधायची पद्धत ठरवण्यात जास्त रमलात तर कॉन्सेप्ट. त्या दोघांमध्ये काय चाललंय यात रमलात तर इलस्ट्रेशन.

प्रश्न: कंपनीकडून काम आल्यापासून चित्र छापायला जाईपर्यंत नेमकं काय घडतं?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून सविस्तर सांगते. चित्रात काय हवं ते कंपनी लिहून देते, त्याला ब्रीफ म्हणतात. खऱ्या ब्रीफवर गुप्ततेचा करार असतो, त्यामुळे या सदरापुरतं एक ब्रीफ मी तयार करते. समजा पत्त्यासाठी आर्ट डायरेक्टरने असं लिहून पाठवलं: 'दलदलीतली चेटकीण बुडालेल्या सैनिकांना पाण्यातून उठवते आहे. रात्र. नजर तिच्या पुढे केलेल्या हातावर जावी. भाव भीतीपेक्षा दुःखाचा.'

पहिलं काम वाचायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण नवीन माणसं इथेच घसरतात. 'चेटकीण' आणि 'दलदल' एवढं वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभंही राहतं, आणि शेवटची ओळ हातातून निसटते. या ब्रीफचा जीव 'दुःख' या शब्दात आहे. ती या सैनिकांना ओळखते का? मला वाटतं ओळखते. हे ब्रीफमध्ये लिहिलेलं नाही, त्याला विरोधही करत नाही. अशी जी मोकळी जागा सापडते तिथेच इलस्ट्रेटरचं स्वतःचं काही असतं. मी ठरवते की पाण्यातून वर येणारा पहिला सैनिक तिच्या वयाचा आहे आणि तिचा हात त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबलाय. हुकूम देणारा हात वेगळा असतो, स्पर्श करावा की नाही या विचारात थांबलेला हात वेगळा. बोटं ताणलेली नकोत, किंचित वाकलेली हवीत.

मग थंबनेल, म्हणजे अगदी लहान कच्ची चित्रं. पत्ता 63 बाय 88 मिलिमीटरचा असतो आणि त्यातली चित्राची खिडकी साधारण सव्वापाच सेंटिमीटर रुंद, जेमतेम चार सेंटिमीटर उंच. खेळाडू तो पत्ता टेबलाच्या पलीकडून, उलटा, दुसऱ्याच्या हातात असताना पाहणार आहे. म्हणून थंबनेल मी त्याच मापाची काढते आणि तीनच छटांत: काळी, करडी, पांढरी. तपशील नाहीच. हात कुठे, चेहरे कुठे, उजेड कुठे. या पत्त्यासाठी पहिला विचार हा की चेटकीण मधोमध आणि सैनिक भोवती. ते कुणालाही सुचेल आणि एवढ्या लहान मापात सैनिकांचा चिखल होऊन जातो. दुसरा विचार बरा आहे: चेटकीण डावीकडे पाठमोरी, गडद, तिचा हात फिकट पाण्यावर उठून दिसतोय, उजवीकडे एकाच सैनिकाचा चेहरा ठळक आणि मागे बाकीचे नुसते खांद्यांचे आकार. पण पाठमोरी ठेवली तर तिचं दुःख कुठून दिसणार? म्हणून तिला पाऊण वळवायची, गालाची कड आणि मिटलेले ओठ दिसतील इतपत. अशी दोन-तीन थंबनेल निवडून त्यांची नीट स्केचेस करून मी आर्ट डायरेक्टरला पाठवते.

आर्ट डायरेक्टर एक निवडतो आणि सूचना देतो. सूचनांना घाबरू नका, वाद घालायची घाईही नको. त्याच्यासमोर त्या संचातली शेकडो चित्रं असतात. तो म्हणाला की पाणी हिरवं नको, तर बहुधा त्याच संचातले दहा पत्ते आधीच हिरवे झालेले असतात. तुमच्याकडे नसलेली माहिती त्याच्याकडे आहे हे धरून चाला. एखादी सूचना चित्र बिघडवते असं मनापासून वाटलं तर त्याने सांगितलेलं एक आणि तुम्हाला योग्य वाटतं ते एक, अशी दोन स्केचेस शेजारी ठेवून पाठवा. शब्दांनी पटत नाही ते अशाने पटतं.

स्केच मंजूर झालं की संदर्भ जमवायचे. मी स्वतःचा हात खालून येणाऱ्या दिव्यात धरून फोटो काढते, कारण पाण्यावरून परतणारा उजेड बोटांच्या खालच्या बाजूला लागतो आणि ते डोक्यातून काढता येत नाही. एक जुनं सुती कापड भिजवून खांद्यावर टाकते. ओलं कापड अंगाला चिकटतं, त्याच्या चुण्या कमी आणि धारदार होतात, रंग दोन छटा गडद होतो. चिलखत पाण्यात राहिलं तर कुठे गंजेल? कडांना, रिवेटभोवती, जिथे लेप आधी निघतो तिथे. चामड्याचे पट्टे आधी कुजतील, म्हणजे छातीचा पत्रा एका बाजूने लोंबत असेल. हा लोंबता पत्रा पत्त्यावर तांदळाएवढा दिसेल. तरी तो काढायचा, कारण एका बाजूला कललेला आकार 'हा माणूस बराच काळ पाण्याखाली होता' हे क्षणात सांगतो.

त्यानंतर छोट्या मापात रंगांचे दोन-चार प्रयोग, आणि मगच अंतिम चित्र. छापाईसाठी 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, लागतं. मापाच्या दुप्पट-तिप्पट मोठ्या कॅनव्हासवर काम केलं तर पुढे तेच चित्र पोस्टरसाठीही वापरता येतं. स्क्रीनवर दिसणारे झळाळते निळे-हिरवे छापील शाईत उतरत नाहीत आणि अंधाऱ्या भागातल्या जवळजवळच्या छटा छापून आल्या की एकमेकींत मिसळतात. म्हणून रात्रीचं चित्र स्क्रीनवर थोडं जास्त उजळ ठेवायचं. पाठवण्याआधी पत्त्याच्या मापात लहान करून, उलटं करून पाहायचं. हात दिसतोय का? पहिल्यांदा तोच दिसतोय का? तर पाठवा.

या सगळ्याला अनेकदा दीड-दोन महिन्यांची मुदत असते आणि एका वेळी दोन-तीन चित्रं हातात असतात. मुदत म्हणजे मुदत. उशीर होणार असेल तर तारीख उलटायच्या आधी कळवा. वेळेत आणि ब्रीफप्रमाणे काम देणाऱ्या चित्रकाराला पुन्हा बोलावणं येतं. त्याच्याहून हुशार पण बेभरवशाच्या चित्रकाराला येत नाही.

प्रश्न: माझे ड्रॅगन खेळण्यातले वाटतात. मी एकेक खवला काढतो, तरी जिवंतपणा येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण ड्रॅगनवर मी रात्रभर बोलू शकते.

खवले विसरा. आधी खांदा पाहू. आपल्याला माहीत असलेल्या पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना हात, पाय, पंख मिळून जास्तीत जास्त चारच अवयव असतात. चार पाय आणि वर दोन पंख असलेल्या ड्रॅगनला सहा झाले. म्हणजे त्याला खांद्याची दुसरी जोडी हवी, आणि बहुतेक नवीन चित्रकार पंख पाठीवर नुसते चिकटवतात. पंख खाली ओढणारे स्नायू छातीवर असतात. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखा जो उंच कणा असतो, तो त्या स्नायूंना धरायलाच. तेव्हा ड्रॅगनची छाती खोल हवी, पुढच्या पायांच्या मागे पंखांसाठी खांद्याचं वेगळं हाड हवं आणि तिथून छातीकडे येणारा जाड स्नायू हवा. एवढं केलंत तर एकही खवला न काढता ड्रॅगन उडू शकेल असं वाटायला लागतं. हे सहा अवयवांचं गणित नको असेल तर वायव्हर्न काढा: दोन पाय, दोन पंख. त्याची शरीररचना वटवाघळासारखी सरळ बसते.

पंख म्हणजे हात. वटवाघळात पातळ पडदा लांब झालेल्या चार बोटांवर ताणलेला असतो आणि अंगठा मोकळा, नखासह. टेरोसॉरमध्ये, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांमध्ये, पडदा एकाच लांब बोटावर असे, बाकीची तीन बोटं मोकळी. त्यातला केट्झालकोअॅटलस हा जिराफाएवढा उंच, पंखांचा पसारा दहा मीटरच्या आसपास, आणि पंख मिटून हात-पाय चारी टेकवत चालणारा. मोठा ड्रॅगन जमिनीवर कसा वावरेल हे ठरवायला याच्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. वटवाघळाचा पंख की टेरोसॉरचा, एक काहीतरी निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. कोपर कुठे, मनगट कुठे, पडदा कमरेला जोडलाय की मांडीला, हे उघड्या आणि मिटलेल्या दोन्ही पंखांत जुळलं पाहिजे.

मग उजेड. पडद्यामागे सूर्य किंवा आग असेल तर पडदा आतून पेटल्यासारखा उबदार लाल-नारिंगी दिसतो, बोटांची हाडं गडद राहतात आणि शिरा मधल्या छटेत येतात. पडदा आणि अंग एकाच रंगात रंगवलं की प्लास्टिक झालंच. फिक्या रंगाची छत्री उघडून दिव्यासमोर धरा, तिच्या काड्या आणि कापड यांतला फरक तासभर रंगवा, पंख सुटेल.

आता खवले. पाठीवर, जिथे अंग वाकत नाही तिथे मोठे. कोपर, मान, जबड्याचा कोपरा अशा वाकणाऱ्या जागी बारीक, आणि त्यांच्यामध्ये सैल कातडीच्या घड्या. कोमोडो ड्रॅगनच्या मानेचे फोटो पाहा, कातडी अंगापेक्षा मोठी शिवल्यासारखी लोंबते. उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यातच खवले नीट काढा. भर उजेडात आणि गडद सावलीत नुसती चाहूल पुरे. सगळीकडे सारखे खवले काढलेत की अंगाची गोलाई मरते, आणि मला वाटतं तुमच्या चित्रांत हेच होतंय.

आकारमानाचं एक सांगायचं राहिलं. मोठ्या प्राण्यांचे डोळे डोक्याच्या मानाने लहान असतात, हत्ती आणि देवमासा पाहा. ड्रॅगनचा डोळा लहान केलात की तो लगेच अवाढव्य होतो. आणि डोकं स्पष्ट, शेपटीकडचा भाग हवेच्या रंगात फिकट होत गेलेला ठेवा, कारण एवढ्या मोठ्या अंगाचं दुसरं टोक खरोखरच लांब असतं.

प्रश्न: माझी मुलगी शाळा संपल्यावर हेच करायचं म्हणते. तिची चित्रं चांगली आहेत, पण हे पोटापाण्याचं काम आहे का? आणि पदवी लागते का?

उत्तर: काम खरं आहे आणि आता बरंच जुनंही झालंय. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला तेव्हा त्याच्या पुस्तिकांत हौशी हातांची साधी रेखाचित्रं होती. 1980 च्या दशकात त्याच खेळासाठी लॅरी एल्मोर, जेफ ईझली, कीथ पार्किन्सन, क्लाइड कॉल्डवेल हे चित्रकार कंपनीत पगारी नोकरीवर बसून तैलचित्रं काढत होते. एल्मोर यांचं 1983 च्या लाल खोक्यावरचं योद्धा आणि ड्रॅगनचं चित्र आजही लोक ओळखतात. 1993 मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' आलं. त्याच्या पहिल्या संचातल्या जवळपास 300 पत्त्यांची चित्रं 25 चित्रकारांनी केली होती, आणि तेव्हापासून पत्त्यांच्या खेळांना दरवर्षी शेकडो नवीन चित्रं लागतात. त्यानंतर व्हिडिओ गेम आणि लोकांकडून आगाऊ पैसे जमवून निघणारे बोर्ड गेम यांची भर पडली.

पण ताई, नियमित पगाराची अपेक्षा धरून मुलीला यात पाठवू नका. स्टुडिओतल्या नोकऱ्या आहेत, त्या जास्त करून कॉन्सेप्ट आर्टच्या. इलस्ट्रेशनचं काम बहुतांश फ्रीलान्स असतं, एकेका चित्राचं. सुरुवातीची काही वर्षं सोबत दुसरं काही करावं लागतं. मी शिकवत होते, माझ्या ओळखीतले कुणी जाहिरातींसाठी काढत होते, कुणी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी.

पदवी कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांचा संच, पाहतात. कलाशाळेत रोज समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढायला मिळत असेल, तर त्या सरावासाठी शाळा मोलाची. तिने फक्त इतरांची फँटसी चित्रं पाहून फँटसी काढली तर ती त्यांची नक्कल करत राहील. घोडा कसा उभा राहतो, म्हातारी बाई जिना कशी उतरते, संध्याकाळी भिंतीचा रंग काय होतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं वहीत साठत जाऊ द्या. साधनांसाठी मोठा खर्चही आधी नको. क्रिटा आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि पेन्सिल तर तिच्याकडे आहेच.

प्रश्न: पहिलं काम मिळालंय, करार बारा पानांचा आहे. सही करण्याआधी काय पाहू? चित्र माझंच राहतं ना?

उत्तर: बहुधा राहत नाही. मोठ्या खेळांची कामं 'वर्क फॉर हायर' या तत्त्वावर असतात, म्हणजे चित्राचे हक्क पहिल्या दिवसापासून कंपनीचे. यात फसवणूक नाही, पात्रं आणि जग त्यांचंच आहे. पण याचा अर्थ असा की ते चित्र पुढे पोस्टरवर, गेमच्या नव्या आवृत्तीत, कुठेही वापरलं तरी तुम्हाला वेगळे पैसे मिळणार नाहीत, म्हणून पहिल्याच रकमेत ते धरलेलं हवं. एखादा छोटा प्रकाशक त्याच्या एका पुस्तकासाठी चित्र मागतोय आणि सगळे हक्कही मागतोय, तिथे मात्र बोला. त्याला त्या पुस्तकापुरता वापर पुरतो, आणि तेवढाच द्यावा.

पुढच्या गोष्टी करारात शोधा. किती वेळा दुरुस्ती करून द्यायची? 'समाधान होईपर्यंत' असं लिहिलं असेल तर तिथे आकडा घालून घ्या, आणि स्केच मंजूर झाल्यावर कल्पनाच बदलली तर ते नवीन काम धरायचं हेही लिहून घ्या. एका प्रकाशकाने अंतिम चित्र हाती आल्यावर मला चित्रातली रात्र बदलून तिथे दिवस दाखवायला सांगितलं होतं. करारात हे वाक्य होतं म्हणून त्याचे वेगळे पैसे मिळाले. काम मधेच रद्द झालं तर किती मिळणार, ज्याला किल फी म्हणतात, ते टप्प्यानुसार हवं. पैसे चित्र मंजूर झाल्यावर किती दिवसांत? 'प्रकाशनानंतर' मान्य करू नका, खेळ दोन-दोन वर्षं रखडतात. नाव कुठे छापणार? पोर्टफोलिओत कधीपासून दाखवता येईल? आणि कागदावर किंवा कॅनव्हासवर काढलं असेल तर मूळ चित्र तुमचं, हे स्पष्ट शब्दांत.

हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. अमेरिकन फँटसी चित्रकार फ्रँक फ्राझेटा (1928 ते 2010) यांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रं परत मिळण्याचा आग्रह धरला, आणि ते काम त्यांच्या हाती राहिलं म्हणून पुढे त्याचं संग्रहालय होऊ शकलं. पत्त्यांसाठी चित्रं काढणाऱ्यांपैकी डोनाटो जियांकोला आजही तैलरंगात काम करतात, आणि रिबेका ग्वे यांनी पत्त्यांसाठी जलरंगात काम केलंय. खेळाचे चाहते पत्त्याचं मूळ चित्र विकत घेतात, आणि अशा चित्रकाराला त्यातून कामाच्या मोबदल्याइतकंच किंवा त्याहून जास्तही मिळू शकतं. डिजिटल काम करणाऱ्यांकडे हा मार्ग नाही. मात्र काही पत्त्यांच्या खेळांत चित्रकाराला आर्टिस्ट प्रूफ देतात, म्हणजे मागची बाजू कोरी असलेला पत्ता. त्या कोऱ्या बाजूवर चाहत्यांसाठी स्केच काढून विकायची पद्धत आहे.

करारातलं एखादं वाक्य कळलं नाही तर विचारा. चांगला आर्ट डायरेक्टर प्रश्न विचारणाऱ्याला नाव ठेवत नाही.

प्रश्न: एआय काही सेकंदांत ड्रॅगन काढून देतं. आता हे शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर: तुमची भीती खरी आहे. लहान प्रकाशकांची छोटी कामं, ज्यांवर नवीन मुलं हात बसवायची, ती माझ्या ओळखीत कमी झाली आहेत. आणि ज्या रीतीने हे घडलं ते मला मान्य नाही. ग्रेग रुटकोव्स्की हे पोलंडचे फँटसी चित्रकार. 2022 मध्ये लोक एआयला चित्र मागताना त्यांचं नाव हजारो वेळा वापरत होते. त्यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेला हात त्यांना न विचारता घेतला गेला, आणि त्यांचं नाव शोधलं की त्यांनी न काढलेली चित्रं समोर येऊ लागली. मी एआय वापरत नाही, स्केचसाठीही नाही.

व्यवहाराच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने एका कॉमिक पुस्तकाच्या बाबतीत ठरवलं की त्यातल्या एआयने बनवलेल्या चित्रांना कॉपीराइट मिळणार नाही. ज्या कंपनीचा धंदाच पात्रांच्या हक्कांवर उभा आहे तिला हे परवडत नाही. आणि जानेवारी 2024 पासून स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवताना त्यातलं काही एआयने बनवलेलं असेल तर ते जाहीर करावं लागतं. कित्येक करारांत आता एआय वापरणार नाही असं चित्रकाराकडून लिहून घेतात. म्हणून थंबनेल, संदर्भाचे फोटो, लेयर असलेली फाइल, सगळं तारखेसह जपून ठेवा. कुणी शंका घेतली तर दाखवता येतं.

वर चेटकिणीच्या हाताविषयी मी लिहिलंय ते परत वाचा. तो हात गालापासून वीतभर का थांबला, हे ठरवण्यासाठी ब्रीफ समजून घेणारं माणूस लागतं, आणि सूचना आली की त्याच कारणाला धरून चित्र बदलणारं माणूस लागतं. मी शिकण्याच्या बाजूने आहे, पूर्ण मनाने.

प्रश्न: वय एक्केचाळीस, नोकरी पूर्णवेळ. रात्री तीन-चार तास काढतो. मनगट दुखायला लागलंय. उशीर झालाय का?

उत्तर: वयाचं आर्ट डायरेक्टरला काही पडलेलं नसतं, त्याला तुमचा चेहराही माहीत नसतो. मनगटाकडे मात्र आजच बघा. नोकरीत दिवसभर माउस आणि रात्री स्टायलस, म्हणजे त्याच शिरांवर दुहेरी ताण. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर काढणं थांबवून डॉक्टरांकडे जा. पेनवर जोर देऊ नका, सेटिंगमध्ये दाबाची संवेदना वाढवून घ्या. टॅब्लेट तिरका ठेवा, लांब रेघ खांद्यातून ओढा, अर्ध्या तासाला उठा. आणि रोज चार तासांऐवजी दीड तास करा, पण त्यातला निम्मा वेळ थंबनेल आणि निरीक्षणाला द्या. नोकरी आहे म्हणजे घाई नाही, कमी पैशांची वाईट कामं नाकारायची मुभा तुम्हाला आहे. ही मुभा विशीतल्या मुलांना नसते.

प्रश्न: पोर्टफोलिओत किती चित्रं ठेवायची आणि ती कुणाला, कशी पाठवायची? मी कंपन्यांना मेल करते, उत्तरच येत नाही.

उत्तर: आठ ते बारा. सगळ्यात कच्चं चित्र काढून टाका, कारण तुम्ही निदान इतपत तरी द्याल असा अंदाज पाहणारा त्याच चित्रावरून बांधतो. दोन माणसं एकमेकांशी काही करताहेत असं एक हवंच, एक प्राणी, एक जागा, एक भर उजेडातलं, एक रात्रीचं. वेगवेगळ्या वयांचे चेहरे हवेत, सगळ्या बायका एकाच चेहऱ्याच्या नकोत. ज्या खेळासाठी काम हवंय त्याच्यासारखी चित्रं दाखवा. झगझगीत रंगांच्या गमतीदार पत्त्यांच्या खेळाला करडी, रक्ताळलेली युद्धं पाठवून उपयोग नाही.

कंपनीच्या सर्वसाधारण ईमेल पत्त्यावर पाठवू नका. खेळाच्या श्रेयनामावलीत आर्ट डायरेक्टरचं नाव असतं, त्यांना पाठवा, आणि कंपनीने चित्रकारांसाठी वेगळी सूचना दिली असेल तर आधी ती पाळा. मेल चार ओळींचा: तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या खेळासाठी काम करू इच्छिता, पोर्टफोलिओची लिंक, आणि सोबत तीन लहान चित्रं, उघडायला वेळ न लागणारी. उत्तर आलं नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की या घडीला तुमच्या जोगं काम नाही. बरेच आर्ट डायरेक्टर आवडलेली चित्रं न कळवता बाजूला ठेवून देतात आणि वर्षाने मेल करतात. मला पहिलं पत्त्याचं काम असंच आलं. सहा महिन्यांनी, तीन तरी चित्रं नवीन झाली असतील तेव्हा, त्याच मेलला जोडून पुन्हा पाठवा.